फरशीला वास येतोय? आधी फडकं हुंगा

पुण्यात पहिलं भाड्याचं घर घेतलं तेव्हा जुलै चालू होता. दोन खोल्या, तिसरा मजला, बाल्कनीत ऊन नावाला. रोज फरशी पुसली जायची आणि पुसून झाल्यावर तासाभरात घरभर ओल्या गोणपाटासारखा वास सुटायचा. मी फिनाईल बदललं. मग पुन्हा बदललं. लिंबाच्या वासाचं झालं, चमेलीचं झालं, शेवटी घरमालकांना फोन करून मोरीच्या जाळीखालची पाइप तपासून घ्यायला लावली. पाइप ठणठणीत निघाली.

आठवडाभर गावाला गेलेल्या कामाच्या मावशी परत आल्या. त्यांनी बादलीत हात घालण्याआधी काठावरचं फडकं उचललं, नाकाशी नेलं आणि तोंड वाकडं करून म्हणाल्या, "ताई, फिनाईल काय करंल? फडकंच कुजलंय."

त्यांनी ते फडकं जुन्या पातेल्यात सोडा घालून उकळलं. पाच मिनिटांत पाणी कोऱ्या चहासारखं झालं. ते ओतून दुसरं पाणी घेतलं, तेही झालं. म्हणजे महिनाभर मी फरशीवर रोज तोच चहा फिरवत होते.

तेव्हापासून जे शिकले ते इथे पायरीपायरीने लिहिते आहे. नवीन संसार मांडणारे, हॉस्टेल सोडून पहिल्यांदा स्वतःचं घर चालवणारे, किंवा आईने सगळं केल्यामुळे ज्यांना झाडू धुतात हेच माहीत नाही (मी त्यातलीच) अशांसाठी. एक गोष्ट आधीच सांगते: यात धुण्याचं काम थोडं आहे, खरी मेहनत वाळवण्याची आहे. ओलसर राहिलेलं साधन कितीही धुतलं तरी दोन दिवसांत पुन्हा तिथेच येतं.

१. जमवाजमव

बहुतेक वस्तू घरात असतातच. नसतील त्या किराणा दुकानात मिळतात.

- धुण्याचा सोडा. हा खाण्याच्या सोड्यापेक्षा वेगळा आणि बराच तीव्र असतो. दुकानात "कपड्याचा सोडा" म्हणून मागा.
- कपड्यांची साधी पावडर
- लिंबूसत्त्व, म्हणजे ढोकळ्यात घालतो ते सायट्रिक अ‍ॅसिड
- ब्लीचची बाटली. बाटलीवर टक्केवारी छापलेली बघूनच घ्या.
- स्टीलचं जुनं पातेलं
- मोठ्या दातांचा जुना कंगवा, जुना टूथब्रश, कात्री, पक्कड
- बारीक तार, सुतळी आणि भिंतीवरचे चार-पाच हूक
- रबरी हातमोजे

इथला सापळा पातेल्याचा आहे. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं घेऊ नका. धुण्याचा सोडा अ‍ॅल्युमिनियम खातो, पातेलं काळं पडतं आणि झिजतं. मी आईचं एक जुनं टोप असंच घालवलं आहे आणि ते तिला अजून सांगितलेलं नाही.

आणि हे पातेलं परत स्वयंपाकाला वापरायचं नाही. त्याच्या कडीला लाल दोरा बांधून ठेवा, म्हणजे पाहुण्यांपैकी कुणी त्यात बटाटे उकडायला ठेवणार नाही.

२. आधी वाटण्या करा

धुवायला बसण्याआधी घरातली सगळी साधनं एका जागी आणा. ओट्याचं फडकं, टेबल पुसायचं, फरशीचं, बाथरूमचं, संडासचा ब्रश. बहुतेक घरांत यातली दोन-तीन कामं एकच फडकं करत असतं, फक्त ते कुणी कबूल करत नाही.

रंग ठरवून टाका. आमच्याकडे ओट्याची फडकी पांढरी, फरशीची निळसर, बाथरूमची कुठल्याही जुन्या टॉवेलची पण कोपऱ्याला गाठ मारलेली. नवरा, सासूबाई, मावशी, सगळ्यांना एकदाच सांगितलं. गाठ असलेलं फडकं स्वयंपाकघरात दिसलं तर ते कोण घेऊन आलं याची चौकशी होते.

३. झाडू: तीन जाती, तीन तऱ्हा

सगळे झाडू सारखे नसतात, आणि सगळ्यांना पाणी चालत नाही.

शिंदीच्या पातीची केरसुणी खडबडीत जमिनीला चांगली. गावाकडे सारवलेल्या जमिनीवर हीच चालते. गुळगुळीत टाइल्सवर बारीक धूळ तिच्या हाताला लागत नाही. फूलझाडू टाइल्ससाठी. तो एका डोंगरी गवताच्या तुऱ्यांचा बनतो, आणि हे गवत मोठ्या प्रमाणावर मेघालय आणि आजूबाजूच्या ईशान्येकडच्या डोंगरांतून येतं. खराटा माडाच्या हिरांचा. अंगण, गच्ची आणि मोरी त्याच्या वाट्याची. तिघांपैकी पाण्यात बिनधास्त घालावा असा फक्त खराटा.

*नवा फूलझाडू.* घरी आणलात की पहिले आठ दिवस तो कचरा काढण्यापेक्षा जास्त टाकतो. हा भुसा म्हणजे त्या तुऱ्यांचाच कोंडा, त्यात दुकानदाराने फसवलेलं नसतं. गच्चीवर न्या, खाली कुणाचे कपडे वाळत नाहीत ना ते बघा (अनुभवाचे बोल), आणि कठड्यावर आडवा धरून तळहाताने थापटा. मग मोठ्या दातांचा कंगवा बांधणीपासून टोकाकडे फिरवा, केस विंचरतो तसा. उलटा फिरवलात तर काड्या मोडतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा. शेवटी घट्ट पिळलेल्या ओल्या फडक्यात टोकं धरून खाली ओढा, राहिलेला भुसा फडक्याला चिकटून येतो. अख्खा झाडू मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायचा उपायही लोक सांगतात. मी करून पाहिला. भुसा तेवढाच पडला, वर बांधणीत पाणी मुरलं आणि झाडू महिन्याभरात सैल झाला.

*आठवड्याचं काम.* टोकांत अडकलेली गुंतवळ काढा. लांब केसांची माणसं घरात असतील तर हे काम रोजचंच. कंगव्याने निघाली नाही तर कात्रीने गुंतवळ कापा, काड्या नव्हे. गुंतवळ तशीच राहिली की झाडू धूळ गोळा करण्याऐवजी ढकलत नेतो, आणि आपण म्हणतो झाडू जुना झाला.

*महिन्याचं काम.* बादलीत कोमट पाणी, चमचाभर कपड्याची पावडर. झाडूची फक्त टोकं बुडवायची, बांधणीच्या खाली चार बोटं कोरडी राहिली पाहिजेत. हलवा, साध्या पाण्यातून काढा, झटका. मग टोकं खाली करून सावलीत टांगा. टोकं वर करून ठेवलीत तर सगळं पाणी ओघळत बांधणीत जातं आणि झाडू आतून कुजतो. बाहेरून काही दिसत नाही, एके दिवशी दांडा हातात येतो. कडक उन्हात दिवसभर ठेवू नका, गवत ठिसूळ होऊन तुटायला लागतं. शिंदीच्या केरसुणीला मी पाणी लावतच नाही. उन्हात तासभर ठेवायची आणि दगडावर झटकायची.

*सैल झाला तर.* केरसुणीचं बूड जमिनीवर दोनदा आपटा, पाती समपातळीत येतात. बांधणी ढिली वाटली तर बुडातून मधोमध बांबूची एक चपटी काडी ठोका, पाचरीसारखी. त्यानेही भागलं नाही तर वरून तार गुंडाळून पक्कडीने पीळ द्या आणि तारेचं टोक आत वळवा, नाहीतर हाताला लागतं. दोन मिनिटांच्या या कामाने झाडू सहज तीन-चार महिने आणखी चालतो.

*ठेवायचा कसा.* टोकांवर उभा कधीच नाही. वजनाने टोकं एका बाजूला वाकतात आणि मग तो झाडू त्याच बाजूला झाडतो. केरसुणी उभी ठेवू नये असं आजी म्हणायची. तिचं कारण लक्ष्मीचं होतं, टोकांचं नव्हे, पण टोकंही सरळ राहायची. हूकला टांगणं सगळ्यात बरं.

टांगण्याचं आणखी एक कारण आहे. अंधाऱ्या, ओलसर कोपऱ्यातल्या झाडूच्या बुडात झुरळं अंडी घालतात. राजम्याच्या छोट्या दाण्यासारखा तपकिरी, टणक कोष दिसला तर तो झुरळाचा. मोठ्या तांबड्या झुरळाच्या एका कोषात साधारण १४ ते १६ अंडी असतात. महिन्यातून एकदा झाडूची बांधणी उजेडात नीट बघा.

४. फडकी: सगळ्या वासाचं मूळ

जुन्या सुती कपड्याइतकं चांगलं फरशीचं फडकं बाजारात मिळत नाही. पंचा, बनियन, मऊ झालेला टॉवेल, सुती साडीचा तुकडा. टेरिकॉटचा शर्ट पाणी शोषत नाही, नुसतं पसरवतो. तुकडा फार मोठा कापू नका. पिळल्यावर मुठीत मावेल एवढाच. जाड, मोठं फडकं हाताला पिळवत नाही, आणि नीट न पिळलेलं फडकं वाळत नाही.

*रोज.* काम झाल्यावर फडकं पावडर लावून दोन पाण्यातून काढा, घट्ट पिळा, झटका आणि दोरीवर पूर्ण पसरून वाळत घाला. बादलीच्या काठावर घडी करून टाकलेलं फडकं हे वाळत घातलेलं नसतं. घडीच्या आतली ओल दुसऱ्या दिवसापर्यंत तशीच राहते आणि वास तिथूनच सुरू होतो.

*आठवड्यातून एकदा उकळणं.* फक्त सुती फडक्यांसाठी:

१. फडकी आधी पावडरने धुऊन मोकळी करा. मातीसकट उकळण्यात अर्थ नाही.
२. स्टीलच्या पातेल्यात दर लिटर पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा. पातेलं अर्धंच भरा, नाहीतर फेस उतू जाऊन शेगडी भरते.
३. उकळी आल्यावर मंद आचेवर १५ मिनिटं. खिडकी उघडी ठेवा, वास सुखाचा नसतो.
४. चिमट्याने काढा, गार पाण्यात टाका, दोनदा खळबळून पिळा. हातमोजे घाला, सोड्याने हाताची कातडी सोलवटते.
५. उन्हात.

वास गेला की नाही ते ओलं असताना कळत नाही. वाळलेलं फडकं पुन्हा जरासं ओलं करून हुंगा. तरीही कुबट येत असेल तर पुन्हा उकळा. दुसऱ्यांदाही गेला नाही तर त्या फडक्याचा नाद सोडा.

*ब्लीच कधी.* घरात उलट्या-जुलाब झाले, कुत्र्याने घाण केली, मटणाचं पाणी सांडलं, अशा वेळी. बाटलीवर ४ टक्के सोडियम हायपोक्लोराइट लिहिलं असेल तर एक लिटर गार पाण्यात २५ मिली घ्या, धुतलेलं फडकं त्यात १० मिनिटं बुडवा, मग भरपूर पाण्यातून काढा. मळक्या फडक्यावर ब्लीच टाकलं तर ते मळावरच खर्ची पडतं. गरम पाण्यात टाकलं तर त्याची ताकद जाते. कालवलेलं पाणी उद्यासाठी ठेवू नका.

*मायक्रोफायबरची फडकी* वेगळ्या जातकुळीची. ती पॉलिएस्टर आणि नायलॉनसारख्या धाग्यांची असतात, आणि त्या बारीक चिरलेल्या धाग्यांतच त्यांची धूळ पकडायची ताकद आहे. त्यांना उकळायचं नाही, ब्लीच नाही, इस्त्री नाही, आणि कपडे मऊ करायचं सुगंधी द्रव तर अजिबात नाही. ते धाग्यावर थर धरतं आणि फडकं पाणीसुद्धा टिपेनासं होतं. सुती टॉवेलबरोबर मशीनमध्ये टाकलीत तर टॉवेलची सगळी लव ही फडकी गोळा करून बसतात. कोमट पाणी, थोडी पावडर, वेगळं धुणं, एवढंच.

आता फिनाईलबद्दल, कारण माझा पैसा तिथेच गेला. वास येतो म्हणून दुप्पट टाकलं की फरशी चिकट होते, चिकट फरशीवर पावलं उमटतात, म्हणून आपण पुन्हा पुसतो. बाटलीवर लिहिलेलं झाकणाचं प्रमाण पुरतं. फडकं स्वच्छ असेल तर बहुतेक दिवस साधं पाणीही पुरतं.

५. फिरकीचा मॉप आणि त्याची बादली

हल्ली घरोघरी हा असतो. गुडघे वाचतात हे खरं. पण त्याच्या धाग्यांइतकीच घाण बादलीत लपलेली असते, आणि तिच्याकडे कुणी बघत नाही.

मॉपचं डोकं काढायला दांडा तिरपा करा, धाग्यांच्या एका बाजूवर पाय ठेवा आणि दांडा वर उचला. गोल चकती सुटते. ते डोकं आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात पावडर घालून अर्धा तास भिजवा, चोळा, धुवा आणि दांड्याला न लावता वेगळं टांगून वाळवा. दांड्याला लावलेलं असताना मधला गोल भाग कधीच वाळत नाही, बोट लावून बघा. दोन डोकी ठेवलीत तर एक वाळेपर्यंत दुसरं चालतं. परत बसवताना चकती जमिनीवर ठेवून दांडा वरून सरळ दाबा, टक आवाज आला पाहिजे. तिरपं दाबून चकतीची खाच मोडण्याचा प्रताप माझ्या नावावर आहे.

बादलीत पिळायची जाळी असते ती वर ओढून काढा. पहिल्यांदा काढाल तेव्हा पोटात ढवळेल: केसांचा काळा गोळा, चिखल, एखादं बटण. आसाभोवती गुंडाळलेले केस कात्रीने कापून चिमट्याने ओढा. चाकांतही तेच. मग टूथब्रशने खाचा घासा. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर आत पांढरा थर बसलेला असतो. एक लिटर गरम पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व घालून ते तासभर बादलीत ठेवा, थर मऊ होऊन ब्रशने निघतो.

बादली रोज उपडी. तळाशी राहिलेलं चार बोटं पाणी "उद्याला होईल" म्हणून ठेवू नका. डेंगी पसरवणारा डास असल्या साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस पुरतात. पालिकेचे कर्मचारी आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणून सांगत दारोदार फिरतात ते याच हिशेबाने. कूलर आणि कुंड्यांच्या ताटल्या आपण बघतो, मॉपची बादली आणि संडासच्या ब्रशचं भांडं मात्र विसरतो.

६. ओट्यावरची मंडळी

स्पंज हे स्वयंपाकघरातलं सगळ्यात फसवं साधन. २०१७ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी घराघरांतून वापरलेले १४ स्पंज गोळा करून तपासले. त्यांत जंतूंची प्रचंड गर्दी सापडली. मजा म्हणजे, ज्या घरांत स्पंज नेमाने उकळून किंवा मायक्रोवेव्हमध्ये ठेवून "शुद्ध" केला जात होता तिथेही फार फरक दिसला नाही. त्यांचा सल्ला सरळ होता: आठवड्याने बदला.

दर आठवड्याला स्पंज टाकायचा हे माझ्या जिवावर येतं. म्हणून मी स्पंजच सोडला. घोसाळ्याची वाळलेली जाळी वापरते. गावाहून येते, नाहीतर वेलावर एक घोसाळं जून होऊ द्यायचं, वाळलं की साल काढून बिया झटकायच्या. एका जाळीचे तीन तुकडे होतात. आठवड्याने तुकडा पाच मिनिटं उकळायचा, उन्हात टाकायचा, महिन्याने कंपोस्टमध्ये. नारळाचा काथ्याही तसाच, फक्त तो नॉनस्टिकवर चालवू नका.

तारेची घासणी गंजते कारण ती साबणाच्या वाटीत बुडालेली असते. झटकून जाळीच्या पेल्यात ठेवा, खाली पाणी निथळलं पाहिजे. गंज दिसला की टाका. तारेचा सुटा तुकडा भांड्यात राहिला तर तो पोटात जातो. बाटली धुवायच्या ब्रशची पिळलेली तारही मध्ये गंजते, केस बाजूला सारून बघा. त्याला टांगताना केस खाली.

ओट्याचं फडकं रोज रात्री धुऊन वाळत घालायचं आणि सकाळी दुसरं घ्यायचं. आठवड्याला सात छोटी फडकी लागतात, एका जुन्या चादरीतून पंधरा निघतात.

७. संडासचा ब्रश, आणि एक गंभीर सूचना

ब्रश वापरून झाला की तो ओला तसाच त्याच्या भांड्यात खोचू नका. सीट वर करा, ब्रशचा दांडा कमोडच्या काठावर आडवा ठेवा, केसांचा भाग आत लोंबकळू द्या आणि वरून सीट टेकवा. दहा मिनिटं निथळू द्या, मग भांड्यात. भांड्याच्या तळाशी पाणी साठलं असेल तर ते कमोडमध्येच ओता, मोरीत नको. पंधरवड्यातून एकदा भांडं आणि ब्रश दोन्ही ब्लीचच्या पाण्यात (वरचंच प्रमाण) अर्धा तास ठेवा.

पण त्याआधी हे वाचा. संडास साफ करायच्या बहुतेक निळ्या-जांभळ्या द्रवांत हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. ते ब्लीचमध्ये मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो. लहान, बंद संडासात तो फुफ्फुसांना जबर इजा करतो. म्हणून ब्रशला, भांड्याला किंवा कमोडला तो द्रव लागलेला असेल तर आधी भरपूर पाण्याने धुवा, ब्लीच दुसऱ्या दिवशी. ब्लीचबरोबर व्हिनेगर नको, लिंबूसत्त्व नको, अमोनिया असलेलं काच पुसायचं पाणीही नको. "दोन्ही घातलं तर दुप्पट चकाचक" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. चुकून मिसळलं, डोळे चुरचुरले, खोकला आला, तर तिथे उभं राहून फ्लश करत बसू नका. बाहेर या, दार-खिडक्या उघडा, दम लागत असेल तर डॉक्टर गाठा.

घरी कामाला कुणी येत असेल तर हे त्यांनाही सांगा आणि हातमोजे आपल्या पैशाने आणून द्या. रोज चार घरांत अ‍ॅसिड हाताळणारा हात त्यांचा असतो.

एक निरुपद्रवी सापळाही जाता जाता. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून ब्रश "खोलवर" स्वच्छ करायचे व्हिडिओ खूप फिरतात. फेस येतो, बघायला छान वाटतं. पण आम्ल आणि आम्लारी एकमेकांना मारून टाकतात आणि उरतं ते जवळजवळ खारट पाणी. क्षार काढायचे तर एकटं आम्ल वापरा, तेल काढायचं तर एकटा सोडा.

८. वायपर, सुपडी, हातमोजे

वायपर रबरावर उभा ठेवला की रबर वाकतं आणि मध्ये पाण्याची रेघ सोडतं. टांगा. रबराच्या खाचेत साबणाचा काळा थर बसतो, तो टूथब्रशने. कचरा भरायच्या सुपडीची पुढची कड झिजून वाकडी झाली की शेवटची धुळीची रेघ कधीच आत जात नाही, मग आपण ती पायपुसण्याखाली सारतो. सुपडी स्वस्त असते, बदला. हातमोजे काढल्यावर उलटे करून वाळवा आणि घालताना आत चिमूटभर टाल्कम पावडर. जळमटं काढायच्या लांब झाडूवरचे नायलॉनचे केस धुऊन सावलीत वाळवा. प्लास्टिक आणि रबर दोन्ही उन्हाने ठिसूळ होतात.

९. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर

"ओढतच नाही" ही तक्रार दहापैकी नऊ वेळा भरलेल्या पिशवीची किंवा तुंबलेल्या फिल्टरची असते. दुरुस्तीवाल्याला बोलावण्याआधी हे करा. प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. पिशवी किंवा डबा दोन-तृतीयांश भरला की रिकामा करा, घराबाहेर. फोमचा फिल्टर साध्या पाण्याने धुवा आणि पूर्ण २४ तास वाळू द्या. ओला फिल्टर बसवला तर धूळ चिखल होऊन घट्ट बसते आणि मोटरलाही धोका. कागदी फिल्टर धुवायचा नसतो, नुसता झटकायचा. धुता येतो की नाही ते माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं. फिरत्या ब्रशवरचे केस शिवण उसवायच्या हत्याराने कापा, ते कात्रीपेक्षा छान चालतं.

दिवाळीनंतरची रांगोळी व्हॅक्यूमने ओढू नका. तसंच रंगकामानंतरची पुट्टीची पूड आणि सिमेंट. इतकी बारीक पूड फिल्टरची भोकं काही मिनिटांत बुजवते. रांगोळी सुपडीत भरा, उरलेली ओल्या फडक्याने.

१०. पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक

जून ते सप्टेंबर वरचे अर्धे नियम कोलमडतात, कारण ऊनच नसतं. कोकणात राहणाऱ्यांना हे सांगायला नको, तिथे चपलांनासुद्धा बुरशी येते. या चार महिन्यांत फडक्यांची संख्या दुप्पट करा आणि आकार निम्मा. मोठ्या मॉपऐवजी छोटी सुती फडकी बरी, पंख्याखाली रात्रीत वाळतात. कपडे वाळवायच्या स्टँडची सगळ्यात खालची दांडी फडक्यांना राखून ठेवा. वर ठेवलीत तर थेंब कपड्यांवर पडतात, हे मी पांढऱ्या कुर्त्यावर शिकले. मशीन असेल तर धुतलेली फडकी शेवटी नुसती पिळायच्या फेरीत घाला. झाडू या दिवसांत अजिबात धुऊ नका, कोरडाच झटका आणि खोलीत टांगा. झाडूवर पांढरे-हिरवट ठिपके आले तर तो गच्चीत नेऊन टाका, घरात झटकू नका. बुरशी हवेत उडते.

११. निरोप कधी द्यायचा

फूलझाडूचे तुरे संपून नुसत्या काड्या उरल्या की तो घरातून बाथरूममध्ये जातो, तिथून गच्चीवर, आणि मग कचऱ्यात. फडक्याला भोक पडलं की ते सायकल-स्कूटर पुसायला. ब्रशचे केस बाहेरच्या बाजूला फाकले की तो घासत नाही, नुसता गुदगुल्या करतो. आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी येते, तिला हळद-कुंकू लागतं आणि जुनी दुसऱ्या दिवशी बाद होते, त्यामुळे तिचा हिशेब तरी वर्षाला एकदा आपोआप होतो. बाकीच्यांसाठी मी फडताळाच्या दाराच्या आत पेन्सिलने तारखा लिहिते.

टाकताना संडासचा ब्रश आणि तारेच्या घासण्या जाड कागदात गुंडाळा, वर दोरी बांधा आणि पेनाने "तार" किंवा "घाण ब्रश" असं मोठ्या अक्षरांत लिहा. घंटागाडीवरच्या दादांनी मला एकदा बोटाला घुसलेली तार दाखवली होती. घासणीचीच होती.